वस्त्रे साताऱ्याची, किताब वऱ्हाडचा

२०२५ च्या श्रावणात, १८ ऑगस्टला, नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईला आली. एप्रिलमध्ये तिथल्या लिलावात महाराष्ट्र शासनाने ती घेतली. सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये पडले. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत पाच शब्द आहेत : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. फिरंग म्हणजे युरोपात घडलेल्या सरळ पात्याची तलवार. त्या काळी आपल्याकडचे सरदार परदेशी पाती घेत आणि मूठ इथे बसवून घेत. म्हणजे पाते परक्या मुलखातले, अक्षरे आपली, आणि मधोमध एक किताब.

दुसऱ्या दिवशी वाशिममध्ये चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र फिरत होते. मला जुन्या कागदांचा नाद आहे हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक, म्हणून एका कॉलेजच्या पोराने विचारले, ‘काका, हे सेनासाहेबसुभा म्हणजे सुभेदारच ना?’ मी म्हटले, नाही. मग म्हणजे काय, असे त्याने विचारले, आणि चहा संपेपर्यंत मला नीट सांगता आले नाही. बापाकडून लेकाकडे जाणारी पदवी, एवढे सांगून मोकळे होता आले असते. पण ते खरे नव्हते. हा किताब बापाकडून लेकाकडे सरळपणे असा जवळजवळ कधी गेलाच नाही. तो कसा गेला, कोणी दिला, कोणी अडवला आणि कोणी बंद पाडला, यातच वऱ्हाडचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या पोराला द्यायचे उत्तर इथे सविस्तर देतो.

शब्द तसा सोपा आहे. सेनेचा साहेब आणि सुभ्याचा धनी, असे दोन अधिकार एका नावात बांधलेले. शाहू महाराजांच्या दरबारात अशा पदव्या बऱ्याच होत्या : सेनापती, सरलष्कर, सेनाखासखेल, सेनाधुरंधर. प्रत्येकीमागे मुलूख, फौजेचा आकडा आणि वसुलीचा हक्क असे. नुसती शोभेची पदवी ही कल्पना फार पुढची. पदवी गेली म्हणजे शिबंदीचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न उभा राही, त्यामुळे पदवीसाठी माणसे मारायला आणि मरायला तयार असत.

हिंगणीबेर्डीचे भोसले वऱ्हाडात आले ते परसोजीबरोबर. राजाराम महाराजांच्या काळातच परसोजी इकडे चौथाईसाठी फिरत होता. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले, तेव्हा आपल्या फौजेनिशी त्यांना मिळालेल्या पहिल्या मोठ्या सरदारांत परसोजी होता. हा शाहू खरा की तोतया, असा वाद ताराबाईच्या बाजूने उठवला गेला होता. परसोजीने शाहूबरोबर एका ताटात जेवून तो मिटवला, अशी हकीकत सांगतात. ताटाची गोष्ट खरी असो वा पुढे रचलेली असो, शाहू महाराजांनी परसोजीचे उपकार मानले आणि वऱ्हाडचे हक्क व सेनासाहेबसुभा ही पदवी त्याच्याकडे पक्की झाली. १७०९ मध्ये परसोजी वारला. मुलगा कान्होजी याला साताऱ्याहून वस्त्रे मिळाली. बापाकडून लेकाकडे किताब बिनबोभाट गेला तो हाच एक प्रसंग म्हणता येईल.

इथे ‘वस्त्रे’ या शब्दापाशी थांबले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर आहे. पदवीचा धनी मेला म्हणजे वारसाला ती आपोआप मिळत नसे. छत्रपतींकडून मानाची वस्त्रे यावी लागत. वारसाने नजराणा भरायचा, दरबाराने पाहणी करायची, मग वस्त्रे द्यायची. वस्त्रे अंगावर पडली की किताब लागू. ती पडेपर्यंत मुलगा हा नुसता मुलगा.

इंग्लंडमध्ये दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात. तिथल्या सरदारक्या फार जुन्या. डी रॉस नावाची बॅरनी १२६४ पासून धरली जाते, आणि अशा काही बॅरन्या मुलींकडेही जातात. मुली एकीहून अधिक असल्या तर किताब कोणाचाच राहत नाही. तो लोंबकळत पडतो, कधी कधी शेकडो वर्षे, आणि मग कुणी वंशज कागद काढून दावा लावतो. पण तो मरत नाही. रक्त आहे तोवर हक्क आहे, असे तिथले शास्त्र. राजाच्या थोरल्या मुलाचे ड्यूक ऑफ कॉर्नवॉल हे पदही असेच. १३३७ पासूनचे ते पद, बाप गादीवर बसला त्याच क्षणी मुलाला मिळते. मात्र प्रिन्स ऑफ वेल्स हे पद तसे मिळत नाही. ते राजाने मुद्दाम द्यावे लागते. २०२२ च्या सप्टेंबरात राणी एलिझाबेथ वारल्या तेव्हा विल्यम त्याच दिवशी ड्यूक ऑफ कॉर्नवॉल झाले, पण प्रिन्स ऑफ वेल्स झाले ते दुसऱ्या दिवशी, वडिलांनी जाहीर केल्यावर. आपला सेनासाहेबसुभा या दुसऱ्या जातीचा. फरक एवढाच की तिथे देणारा बाप होता. इथे देणारा होता सातारचा धनी, आणि पुढे त्याच्या आडून पुण्याचा पेशवा.

कान्होजीने आपले ठाणे यवतमाळकडे भाम इथे केले. त्याला बरीच वर्षे मूल नव्हते. चुलत घराण्यातला तरुण रघूजी त्याच्याजवळ वाढला, आणि किताब आपल्याकडेच येणार असे तो धरून चालला होता. मग कान्होजीला उशिरा मुलगा झाला. रघूजी तिथून निघाला, इकडे तिकडे चाकरी करत साताऱ्याला पोचला आणि शाहू महाराजांच्या मर्जीत शिरला. महाराजांनी त्याचे लग्न शिर्क्यांच्या मुलीशी लावले. महाराजांच्या एका राणीची ती बहीण, म्हणजे दोघे साडू झाले. इकडे कान्होजीवर महाराजांची खप्पा मर्जी झाली होती. १७३० च्या सुमारास रघूजीनेच वणीजवळ मंदर इथे त्याला गाठून पकडले. कान्होजी साताऱ्यास कैदेत राहिला आणि तिथेच वारला. ज्या रघूजीचे नाव तलवारीवर सोन्यात कोरले आहे, त्याला किताब मिळाला तो असा. पोटच्या मुलाला डावलून साडूच्या पदरी किताब टाकणे हे इंग्लंडच्या कुठल्याही लॉर्डाला समजले नसते. साताऱ्याला ते अगदी सरळ वाटले, कारण किताब धन्याचा होता, घराण्याचा नव्हता.

रघूजीचा पराक्रम, बंगाल-ओडिशाच्या स्वाऱ्या वगैरे वाचकांना माहीत आहेत, त्यात शिरत नाही. १७५५ च्या फेब्रुवारीत तो वारला तेव्हा चार मुलगे होते : जानोजी, मुधोजी, बिंबाजी, साबाजी. वयाने जानोजी थोरला, पण धाकट्या राणीचा. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचा. आता थोरला कोण? घरात या प्रश्नाला दोन उत्तरे होती आणि दोन्ही बाजूंना फौज होती. शाहू महाराज १७४९ मध्येच वारले होते, तेव्हा निवाडा गेला पुण्याला. पेशव्यांनी जानोजीला सेनासाहेबसुभा ठरवले आणि मुधोजीसाठी सेनाधुरंधर हा वेगळा किताब काढला. मुधोजीकडे चांदा, बिंबाजीकडे छत्तीसगड, आणि सगळ्यांत धाकट्या साबाजीकडे वऱ्हाडातला दारव्ह्याचा भाग आला.

हा निवाडा न्यायाचा होता, असे काही लेखक म्हणतात. मला तो हिशेबाचा वाटतो. चारही भावांना काही ना काही मिळाले आणि चौघेही पुण्याकडे पाहत राहिले. नागपूरकर एकजूट झाले तर पुण्याला जड जाणार हे पेशव्यांना पक्के कळत होते.

जानोजीला ही दोरी सतत टोचत असणार. १७६३ मध्ये निजामाबरोबर तो पुण्यावर गेला. पुणे लुटले, जाळले गेले. त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनच्या लढाईआधी तो फुटून माधवराव पेशव्यांना मिळाला आणि ३२ लाखांचा मुलूख पदरात पाडून घेतला. माधवराव विसरणाऱ्यांतले नव्हते. तीन वर्षांनी त्यांनी त्यातला २४ लाखांचा मुलूख परत काढला. पुढे जानोजीने राघोबादादाची बाजू धरली, तेव्हा पेशव्यांची फौज वऱ्हाडात शिरली, आणि २३ मार्च १७६९ रोजी कनकापूरचा तह झाला.

आता आपण वाशिमला आलो. या तहात उरलेला ८ लाखांचा मुलूख सोडणे आहे, औरंगाबादच्या बाजूची घासदाण्याची वसुली बंद करणे आहे, पेशव्यांच्या परवानगीखेरीज फौज वाढवू-घटवू नये हेही आहे. शिवाय एक कलम असे, की वाशिम आणि बाळापूर इथे विणलेले ५ हजार रुपयांचे कापड जानोजीने दरसाल पेशव्यांकडे पाठवावे.

मी हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा तिशीत होतो. गावाच्या पुस्तकी इतिहासात आम्हाला दोनच गोष्टी शिकवलेल्या, वाकाटकांची वत्सगुल्म राजधानी आणि बालाजी मंदिर. आपल्या गावचे कापड पुण्याच्या दरबारात जात होते हे कोणी सांगितले नव्हते. पहिल्या झटक्यात अभिमान वाटला. मग पुन्हा वाचले. ते कापड पुण्याला विकत नव्हते गेले. खंडणीत गेले होते. किताबाच्या धन्याने निजामाशी केलेली दोस्ती, मग त्याच्याशी केलेली फितुरी, मग राघोबादादाशी केलेली सलगी, या सगळ्याचा दंड एका टोकाला आमच्या कोष्ट्यांच्या मागावर येऊन पोचला होता. ५ हजार ही रक्कम तहातल्या बाकी आकड्यांपुढे किरकोळ आहे. पण लाखांचे मुलूख कागदावर इकडून तिकडे जातात. कापड मात्र कुणीतरी बसून विणावे लागते.

याच तहात आणखी एक कलम आहे, आणि किताबाच्या दृष्टीने ते मला सगळ्यांत बोलके वाटते. जानोजी आपल्या भाऊबंदांना त्यांचा वाजवी हक्क देत राहील तोवर पेशव्यांनी त्या भाऊबंदांच्या दाव्यांकडे लक्ष देऊ नये, असे त्यात आहे. म्हणजे भाऊबंद पुण्याला जाऊन दावे सांगत होते, पुणे ते ऐकत होते, आणि ते ऐकू नयेत यासाठी जानोजीला तहात कलम घालून घ्यावे लागले.

जानोजीला मूल नव्हते. मुधोजीचा मुलगा रघूजी याला दत्तक घ्यायचे ठरले, पण त्यालाही पुण्याची संमती हवी. माधवराव तेव्हा थेऊरला आजारी. जानोजी तिकडे गेला, संमती मिळवली, आणि परतीच्या वाटेवर तुळजापूरच्या परिसरात १७७२ च्या मे महिन्यात वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात माधवरावही गेले. संमती देणारा आणि घेणारा साधारण सहा महिन्यांत नाहीसे झाले. उरले दोन भाऊ.

मुधोजीचे म्हणणे, दत्तक माझा मुलगा, तो लहान, तेव्हा कारभार माझा. दारव्ह्याच्या साबाजीचे म्हणणे, मी रघूजीचा मुलगा जिवंत असताना पोराला किताब कसा? जानोजीची विधवा दर्याबाई साबाजीच्या बाजूला झुकली. पुण्यात नारायणरावाचा खून, मग राघोबादादा, मग बारभाई अशी उलथापालथ चालली होती, आणि पुण्यात कोण वर आहे त्यावर नागपुरात कोण खरा वारस हे ठरत होते. राघोबादादाचा कल मुधोजीच्या मुलाकडे, तर बारभाईंचा साबाजीकडे. १७७३ मध्ये अकोल्याजवळ कुंभारीला दोघा भावांच्या फौजा भिडल्या. मधले लोक समेट घालत, समेट मोडत. शेवटी २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगाव इथे गाठ पडली. साबाजीची सरशी होत होती. मुधोजी हत्तीवर घेरला गेला होता. जिंकलो या भरात साबाजीने आपला हत्ती त्याच्या हत्तीला भिडवला आणि शरण ये म्हणाला. मुधोजीने पिस्तूल झाडले. साबाजी जागीच ठार झाला, आणि हरलेली लढाई मुधोजीने जिंकली.

सातारच्या वस्त्रांचा प्रश्न एका गोळीने सुटला. दुसरा रघूजी सेनासाहेबसुभा झाला, आणि १७८८ मध्ये मरेपर्यंत कारभार मुधोजीने पाहिला.

वाशिमकरांनी लक्षात ठेवावे असे की या झगड्यात आपले गाव हरलेल्या बाजूचे होते. बालाजीचे देऊळ ज्याने बांधले तो भवानी काळू, साबाजी भोसल्याचा दिवाण. कर्तबगार माणूस, ओडिशाच्या कारभारावरही जाऊन आलेला. देवतळ्याच्या काठी संध्याकाळी बसलो की मला नेहमी वाटते, नागपूरला विजयी बाजूची स्मारके पुष्कळ असतील, साबाजीची आठवण धरून ठेवणारी एवढीच एक मोठी वास्तू. तीही त्याच्या नावाची नाही, बालाजीच्या नावाची. नवरात्रात दर्शनाला येणाऱ्या हजारोंपैकी दोघातिघांनाही साबाजी ठाऊक नसेल. भवानी काळूचे नाव तरी पुजारी सांगतात. त्या काळी वाशिमला टांकसाळही होती. कापड, टांकसाळ आणि देऊळ, असे तिन्ही असलेले हे गाव १८०९ मध्ये पेंढाऱ्यांनी लुटले. पण तोवर किताबाच्या धन्याचा वाशिमशी संबंध उरलाच नव्हता. ती हकीकत अशी.

दुसरा रघूजी १८०३ मध्ये शिंद्यांबरोबर इंग्रजांशी लढला. २३ सप्टेंबरला असईला हार, २९ नोव्हेंबरला अडगावला हार, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोन दिवसांनी देवगावचा तह. कटक प्रांत इंग्रजांना गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला, तो इंग्रजांनी निजामाला दिला. गाविलगड, नरनाळा हे किल्ले आणि थोडा लगतचा भाग तेवढा राहिला. आतापर्यंत वऱ्हाडात दोअमली होती, एकाच गावात निजामाचा अंमलदार आणि भोसल्यांचा अंमलदार असे दोघे वसुलीला येत. रयतेला दोन धनी होते, ते एक झाले. ज्या सुभ्यासाठी परसोजीला किताब मिळाला होता तो सुभा शंभर वर्षांच्या आतच गेला. किताब मात्र चालू राहिला. इंग्लंडचे राजेसुद्धा १८०१ पर्यंत फ्रान्सचे राजे म्हणवून घेत होते, तेव्हा या गोष्टीचे फार नवल करू नये.

१८१६ च्या मार्चमध्ये दुसरा रघूजी वारला. त्याचा मुलगा परसोजी आंधळा आणि व्याधिग्रस्त. चुलतभाऊ आप्पासाहेबाने कारभार हाती घेतला, त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, आणि १८१७ च्या १ फेब्रुवारीला परसोजी आपल्या बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेबाने त्याचा खून करवला हे पुढे उघड झाले. गादी मिळाली, तरी सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे राहिली होती.

इथे तारखा नीट पाहाव्यात. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने मराठी संघाचे प्रमुखपण सोडले होते. इंग्रजांच्या लेखी त्याला आता नागपूरला वस्त्रे पाठवायचा अधिकारच नव्हता. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि बाजीराव उघड शत्रू बनला. आणि २४ नोव्हेंबरला नागपुरात आप्पासाहेबाने भर दरबारात बाजीरावाने पाठवलेली वस्त्रे अंगावर घेतली. रेसिडेंट जेन्किन्स याला बोलावणे होते, तो गेला नाही. २६ तारखेला संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर गोळागोळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी नागपूरकर हरले.

शाळेत आपण सीताबर्डीची लढाई एका ओळीत शिकलो. तिची ठिणगी एका पोशाखात होती हे मला बऱ्याच उशिरा कळले. आप्पासाहेब धूर्त होता, खुनी होता, इंग्रजांशी गोड बोलून वेळ काढता आला असता हे त्याला कळत होते. तरी त्याने वस्त्रे घेतली. काहींना हा निव्वळ मूर्खपणा वाटतो. मला नाही वाटत. त्याच्या घराण्यात किताब असाच मिळत आला होता. गादी खुनाने मिळाली होती, तेव्हा ती वैध ठरवणारी एकच वस्तू त्याला ठाऊक होती, आणि ती साताऱ्याच्या नावाने, पुण्याच्या हातून यायची. इंग्रजांच्या तहाने तो राजा होऊ शकत होता. सेनासाहेबसुभा होऊ शकत नव्हता.

आप्पासाहेब पुढे कैदेतून निसटला, महादेवाच्या डोंगरात लपला, असीरगड, पंजाब करत शेवटी १८४० मध्ये जोधपूरला वारला. १८१८ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा दत्तक म्हणून गादीवर बसवला. हा तिसरा रघूजी. तो सज्ञान झाल्यावर १८२६ चा तह झाला, आणि त्यात साताऱ्याच्या राजाशी असलेले अवलंबित्वाचे सगळे संबंध व विधी सोडल्याचे नागपूरकरांकडून लिहून घेतले गेले.

माझ्या मते सेनासाहेबसुभा या पदवीची मृत्युतिथी ही. पुष्कळ पुस्तके १८५४ धरतात, कारण त्या वर्षी संस्थान खालसा झाले. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरा रघूजी निपुत्रिक वारला. राण्यांनी दत्तक मागितला, डलहौसीने नाकारला, जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात निघाले, हे सगळे खरे. पण राज्य खालसा होण्याच्या २८ वर्षे आधीच किताबाचा झरा बुजवला होता. जो किताब प्रत्येक वेळी वरून यावा लागतो त्याला मारायला धन्याला मारावे लागत नाही. देणाऱ्याकडची वाट बंद केली की पुरते. हे जेन्किन्सच्या पिढीच्या इंग्रजांना चांगले कळले होते. बडोद्याच्या गायकवाडांचे उदाहरण याच्या उलट आहे. सेनाखासखेल ही त्यांची पदवीही शाहूकाळातलीच, पण ती त्यांनी इंग्रजांच्या छत्राखाली आपल्या बिरुदावलीत जपली आणि संस्थान विलीन होईपर्यंत मिरवली. वारसाहक्काने आपोआप चालणारी पदवी मिरवायला हरकत नव्हती. कोण देतो हा प्रश्न जिच्याबरोबर येत होता ती नको होती.

१८५७ च्या उठावात नागपूरच्या राण्या इंग्रजांविरुद्ध गेल्या नाहीत. त्याची दखल घेऊन १८६० मध्ये दत्तक मान्य झाला, आणि त्या दत्तक जानोजीला ‘राजाबहादूर देऊर’ ही पदवी मिळाली. हे देऊर वऱ्हाडात नाही, नागपुराकडेही नाही. ते सातारा जिल्ह्यात आहे, भोसल्यांचे जुने इनाम गाव. ज्या साताऱ्याहून वस्त्रे यायची त्याच साताऱ्याकडचे एक गाव सेनासाहेबसुभ्याच्या वंशजाच्या नावापुढे लागले, आणि देणारे होते लॉर्ड कॅनिंग.

वऱ्हाडच्या नावाचा किताब इथे संपला असे वाटेल, पण नाही. ज्या १८५३ मध्ये तिसरा रघूजी वारला त्याच वर्षी मे महिन्यात निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. १९०२ मध्ये कर्झनने त्याचा कायमचा पट्टा करून घेतला, दरसाल २५ लाख रुपयांवर. सातव्या निजामाने वऱ्हाड परत मिळावा म्हणून खटपट केली, ती फसली. शेवटी २४ ऑक्टोबर १९३६ चा करार झाला. वऱ्हाडावर निजामाची मालकी कागदोपत्री मान्य, कारभार मात्र मध्यप्रांताबरोबर इंग्रजांचाच. बदल्यात निजामाला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम’ असा किताब, आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’. नमुना उघडच प्रिन्स ऑफ वेल्सचा. हा प्रिन्स म्हणजे आझम जाह. तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी दुर्रूशेहवार त्याची बेगम.

जानोजीकडे वऱ्हाड होता तेव्हा किताबासाठी पुण्याकडे हात जोडावे लागत. आझम जाहकडे वऱ्हाडचा किताब होता तेव्हा वाशिमचा साधा तलाठी नेमायचा अधिकार त्याला नव्हता. आणि वारसा इथेही सरळ गेला नाही. १९६७ मध्ये सातवा निजाम वारला तेव्हा प्रिन्स ऑफ बेरार जिवंत होता, तरी आजोबांच्या इच्छेप्रमाणे वारस म्हणून मान्यता मिळाली ती नातू मुकर्रम जाहला. आझम जाह १९७० मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे बंद झाले.

हे सगळे मी त्या टपरीवरच्या पोराला तुकड्यातुकड्याने सांगत आलो. गणपतीनंतर एका रविवारी तो माझ्या घरी आला, बरोबर त्याचा मामेभाऊ. मामेभावाचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेले. त्यांच्या घरी भोसल्यांच्या चाकरीचा एक मोडी कागद होता, माळ्यावरून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला. मी वाचून दिला. पूर्वजाला दोन घोड्यांनिशी चाकरीवर हजर राहण्याचा हुकूम होता, पगार बाकी असल्याचाही उल्लेख होता. मामेभावाला जाणून घ्यायचे होते की पत्रिकेवर नावामागे ‘श्रीमंत सरदार’ छापता येईल का. मी त्याला घटनेचे १८ वे कलम सांगितले, सैन्यातल्या आणि विद्येच्या पदव्या सोडून राज्य कोणालाही किताब देणार नाही असे त्यात आहे. छापण्याला कोणी पोलीस पाठवणार नाही, पण तुमच्या पूर्वजाला साताऱ्याने वस्त्रे दिली नव्हती, नागपूरने पगारही वेळेवर दिला नव्हता, हेही सांगितले. पोरगा जरासा हिरमुसला. कागद पुन्हा पिशवीत घालता घालता म्हणाला, ‘बरं काका, मंग निस्तं आडनावच छापतो. पण जरा मोठ्या अक्षरात.’